अनीसच्या इटालियन कुकीज: शेजारच्या आजींच्या ओट्यावर

इटालियन अनीस कुकी म्हणजे मैदा, साखर, लोणी आणि अंडी. ज्यांच्या हातची नानकटाई चांगली होते त्यांना यात नवं काही वाटणार नाही. पण या कुकीचा जीव तिच्या वासात, म्हणजे अनीस या बडीशेपेसारख्या दाण्याच्या वासात आहे, आणि तो वास ओव्हनच्या आचेवर पटकन उडतो. तो केव्हा घालायचा, कशात घालायचा आणि भाजून झाल्यावर पुन्हा कसा आणायचा, एवढंच यात शिकण्यासारखं आहे. मी ते शेजारच्या आजींकडून शिकले. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या नाताळाला या कुकीज होत आल्या आहेत.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, नटलीजवळ. नटली, बेलव्हिल, ब्लूमफील्ड हा पट्टा इटालियन लोकांच्या जुन्या वस्तीचा. 1880 ते 1920 या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत आली. बहुतेक दक्षिण इटलीतली, शेतीवर पोट भरेना म्हणून घर सोडलेली. आजींचे आजोबा त्यांतलेच. नेपल्सपलीकडच्या डोंगराळ भागातून निघाले आणि न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या नाक्यावर, उतरले. 1924च्या कायद्याने इटालियनांचा कोटा वर्षाला चार हजारांच्या आत आणला आणि आशियातल्या बहुतेकांना तर दारच बंद केलं. 1965 साली तो कायदा बदलला, त्यानंतर आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनीअर मोठ्या संख्येने इथे येऊ लागले. आजींचं घर आणि आमचं घर शेजारी शेजारी असण्यामागे हा इतिहास आहे, आणि तो मला फार जवळचा वाटतो.

दिवाळीत आमच्या फराळाचं ताट कुंपणापलीकडे जातं, डिसेंबरात तिकडून कुकीजचं ताट येतं. त्यात अंजिराचं सारण भरलेल्या कुकीज असतात, बदाम घातलेली, दोनदा भाजलेली बिस्कॉटी असते, लोखंडी साच्यात दाबून केलेली पातळ, नक्षीदार पिझेल असतात. पण ताटाच्या मधोमध मानाची जागा असते ती पांढऱ्या, गुबगुबीत, वर रंगीत साखरदाणे लावलेल्या कुकीजना. बेकरीत कुणी त्यांना ‘अँजिनेती’ म्हणतं. आजी नुसतं ‘अनीस कुकी’ म्हणतात.

शिकवाल का, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, “ये. पण मला मापं विचारू नकोस, माझ्या हाताला माहीत आहेत.” म्हणून मी वजनकाटा घेऊन गेले. भांडं काट्यावर ठेवायचं, त्या मुठीने, वाटीने जे काही घालतील ते घालू द्यायचं आणि आकडा टिपून घ्यायचा, असं आमचं ठरलं. त्यांच्या आईच्या अक्षरातला एक कार्डाचा तुकडा ओट्याशेजारी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर साखर आणि अंडी तेवढी मोजून दिलीत. मैद्यापुढे लिहिलंय, ‘मावेल तेवढा’. माझ्या आईच्या वहीत शंकरपाळ्यांपुढेही हेच लिहिलेलं आहे, त्यामुळे ते कार्ड मला लगेच वाचता आलं असं म्हणायला हरकत नाही.

आधी अनीसबद्दल. ही आपली बडीशेप नव्हे, पण अगदी जवळची नातलग. जिरं, धणे, ओवा, शेपू, बडीशेप आणि अनीस हे सगळं एकाच कुळातलं. अनीसचे दाणे बडीशेपेपेक्षा लहान, करडे-हिरवे आणि थोडे फुगीर असतात; टोकाला देठाचा बारीक तुकडा राहिलेला असतो. चावलं की आधी गोड लागतं, मग जिभेवर गारवा आणि थोडी ज्येष्ठमधाची झाक. हा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते अ‍ॅनेथोल. तेच द्रव्य बडीशेपेत आहे आणि गोड्या मसाल्यात आपण घालतो त्या चक्रफुलातही आहे. चक्रफूल तर वनस्पती म्हणून अगदीच वेगळ्या कुळातलं आहे, तरी वास तोच. त्यामुळे आजींच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा ती बाटली उघडली तेव्हा मला काही परकं वाटलं नाही. मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटलं.

इटलीत या दाण्यांची परंपरा फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या काटो या रोमन माणसाने शेतीवर लिहिताना एका भाजलेल्या पदार्थाची कृती देऊन ठेवली आहे: पीठ द्राक्षाच्या ताज्या रसात भिजवायचं, त्यात अनीस, जिरं, चरबी, चीज आणि तमालपत्राच्या जातीच्या लॉरेल झाडाच्या फांदीचा कीस घालायचा, आणि भाजताना खाली त्याच झाडाची पानं अंथरायची. अनीस आणि जिरं एकत्र! मार्के प्रांतात कास्तिन्यानो गावच्या परिसरात आजही हिरव्या अनीसचं पीक घेतात, आणि जेवणानंतर घ्यायची अनीसची मद्यं तर इटलीभर आहेत. जेवण झालं की आपण बडीशेप तोंडात टाकतो, तिकडे घोटभर सांबुका.

घरात अनीस तीन रूपांत मिळतं: दाणे, अर्क आणि तेल. अर्क म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं अनीसचं तेल. शुद्ध तेल फार जहाल असतं, चमच्याने नव्हे तर थेंबाने मोजायचं. आजींकडे दोन्ही होतं. तेलाची छोटी बाटली बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फडताळात होती आणि त्या थंडीत आतलं तेल गोठून पांढरं झालं होतं. अ‍ॅनेथोल साधारण 21 अंशांच्या खाली घट्ट होतं, आपल्याकडे खोबरेल तेलाचं होतं तसंच. आजींनी बाटली कोमट पाण्याच्या पेल्यात उभी केली आणि मला म्हणाल्या, “गोठतंय म्हणजे माल चांगला आहे.”

मग त्यांनी मला एक गंमत दाखवली, आणि माझ्या मते सगळी कृती त्यात आली. काचेच्या पेल्यात दोन घोट पाणी घेतलं आणि वरून अर्काचे चार-पाच थेंब सोडले. स्वच्छ अर्क स्वच्छ पाण्यात पडला आणि पाणी दुधासारखं झालं. कारण असं की अ‍ॅनेथोल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. पाणी मिळालं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब होऊन ते तरंगत राहतात. आजींना रसायनशास्त्राशी देणंघेणं नाही, पण त्यावरून निघालेला नियम त्यांच्या आईने त्यांना घालून दिला होता: पीठ करताना अर्क दुधात किंवा अंड्यात घालायचा नाही, लोण्यात घालायचा. स्निग्ध पदार्थ हा वास धरून ठेवतो.

आता कृती. काट्यावर जे उतरलं ते असं: मैदा 360 ग्रॅम, लोणी 115 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, तीन मोठी अंडी, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे अर्क आणि एक छोटा चमचा दाणे. एवढ्यात छत्तीस ते चाळीस कुकीज होतात. आजींच्या आईच्या काळी लोण्याऐवजी डब्यातलं वनस्पती तूप असे. आजींनी ते केव्हाच सोडलं. मला तो बदल पटतो. वनस्पती तुपाने कुकी जास्त फुगीर दिसते, पण लोण्याची चव अनीसला जी साथ देते ती त्यात नाही.

दाणे आधी कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर गरम केले. भाजायचे नाहीत, नुसते हाताला चटका बसेल इतके तापवायचे. मग खलबत्त्यात घालून दोन-चार ठोके. पूड करायची नाही. अर्धे दाणे फुटलेले आणि अर्धे अख्खे राहिले की खाताना मध्येच एखादा दाताखाली येतो, आणि ही कुकी आवडणारी माणसं त्या एका दाण्याची वाट पाहतात.

लोणी बाहेर काढून मऊ झालेलं होतं. साखर घालून ते फेसायला घेतलं. नानकटाईला आपण तूप हाताने परातीत फेसतो तसं आजी लाकडी चमच्याने करतात. त्यांच्याकडे यंत्र आहे, पण ते केकसाठी. रंग पिवळ्याचा पांढुरका होईपर्यंत फेसलं आणि तिथेच अर्क आणि ठेचलेले दाणे घातले. मग अंडी एकेक करून. प्रत्येक अंडं पूर्ण मिसळेपर्यंत दुसरं फोडायचं नाही. तिसऱ्या अंड्याला मिश्रण थोडं फुटल्यासारखं दिसतं. आजी म्हणाल्या, “घाबरायचं नाही, मैदा त्याला जवळ घेतो.” आणि तसंच झालं.

मैदा, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून तीन वेळा विभागून घातलं. इथे हात हलका हवा. पोळीची कणीक मळायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, कारण मळायचं तर नाहीच, नुसतं एकत्र आणायचं. जास्त मळलं की मैद्यातला चिकटपणा जागा होतो आणि कुकी पावासारखी चिवट होते.

सगळा मैदा पडल्यावरचं पीठ मी जवळून पाहून ठेवलं, कारण ‘मावेल तेवढा’ म्हणजे किती, ते तिथेच कळतं. पीठ भांड्याच्या कडा सोडतं, पण तळ सोडत नाही. बोट लावलं की बोटाला चिकटतं आणि ओढलं की एक छोटं टोक उभं राहतं; ते टोक मोडत नाही, हळूहळू वाकतं. वरून तेज नसतं, किंचित खडबडीत दिसतं. अशा पिठाला आणखी मूठभर मैदा घालावा असं कुणालाही वाटेल, कारण गोळा होत नाही. आजींनी माझ्या हाताजवळून मैद्याचा डबा उचलून मागे ठेवला आणि भांडं झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये टाकलं. गार झाल्यावर तेच पीठ हातात धरण्यासारखं झालं. लोणी घट्ट होतं, मैदा ओल शोषून घेतो. जादा मैदा न घालता पीठ आवरतं ते असं.

बोटांना तेलाचं पुसट बोट लावून लहान लिंबाएवढे गोळे केले. आजी अर्ध्या पिठाच्या गाठी करतात: करंगळीएवढी जाड, वीतभर लांब वळी करायची, तिची सैल गाठ मारायची आणि दोन्ही टोकं आत खुपसायची. चकलीचं टोक चिकटवतो तसं हलक्या हाताने. गाठीत ग्लेझ, म्हणजे वरून द्यायचा साखरेचा लेप, खाचांमध्ये साठतं, त्यामुळे तिचा वास जास्त. मला गाठीच जास्त आवडतात. मुलांना गोल लागतात.

ओव्हन 350 फॅरनहाइट, म्हणजे 175 सेल्सियस. ट्रेवर बटर पेपर, कुकीजमध्ये दोन बोटं अंतर. दहा ते बारा मिनिटं. बेकिंग पावडर एकदा ओल लागल्यावर आणि पुन्हा आचेवर असं दोनदा काम करते, म्हणून फ्रिजमधून आलेलं पीठही ओव्हनमध्ये छान फुलून येतं. या कुकीज वरून लाल करायच्या नसतात, ही गोष्ट आपल्या नजरेला पटायला वेळ लागतो. आपल्याला खरपूस, बदामी आवडतं. इथे माथा फिकटच राहायला हवा. दहाव्या मिनिटाला आजींनी एक कुकी चमच्याने उलटून दाखवली: तळ सोनेरी, कडेला एक बारीक तपकिरी रेघ, वर मात्र पिठासारखा फिका रंग. बोटाने दाबलं की खळगा पडून परत वर येतो. तेवढ्यावर ट्रे बाहेर. आणखी तीन मिनिटं ठेवली असती तर दिसायला सुंदर झाल्या असत्या, पण आतून कोरड्या, आणि उरलासुरला वासही चिमणीतून गेला असता.

हा वास जातो कुठे, ते कुकी भाजताना कळतंच. सगळं घर अनीसने भरून जातं. आजींचे यजमान वरच्या मजल्यावरून खाली आले ते त्या वासाने. घरभर जो वास पसरतो तो कुकीतून निघून आलेला असतो, म्हणून नुसती भाजलेली, ग्लेझ न दिलेली कुकी खाल्ली तर गोडसर, मऊ, बरी लागते, पण अनीस अगदी मागे, कुठेतरी. इथे ग्लेझचं काम सुरू होतं.

ग्लेझसाठी 240 ग्रॅम पिठीसाखर चाळून घेतली, त्यात तीन मोठे चमचे दूध आणि एक छोटा चमचा अर्क. या अर्काला आच लागत नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहतो. ग्लेझ किती दाट असावं याची आजींची खूण अशी: चमचा वर उचलून धार सोडली की धारेची रेघ वर दिसावी आणि पाच आकडे मोजेपर्यंत बुजावी. लगेच बुजली तर पातळ, साखर घाला. बुजलीच नाही तर थेंबभर दूध.

कुकी कोमट असताना बुडवायची. गरम असेल तर ग्लेझ वितळून खाली ओघळतं आणि काचेसारखं पारदर्शक होतं. पार गार झाली तर थर जाड बसतो आणि तडकतो. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. आजी कुकी उलटी धरून माथा ग्लेझमध्ये बुडवायच्या, मनगटाला एक हलका झटका देऊन जास्तीचं निथळू द्यायच्या आणि जाळीवर ठेवायच्या. मी लगेच वर रंगीत दाणे भुरभुरवायचे. दोन कुकीज मागे पडल्या तरी चालत नाही, कारण मिनिटभरात ग्लेझवर पापुद्रा येतो आणि दाणे वरून घरंगळून जातात. ओल्या ग्लेझवर पडलेला दाणा मात्र आत रुतून बसतो. ग्लेझ फार पातळ असेल तर त्याचा रंग सुटून पांढऱ्यावर ठिपका पसरतो. नाताळाला लाल-हिरवे दाणे, ईस्टरला फिके गुलाबी-पिवळे, लग्नाला नुसते पांढरे. तासाभरात ग्लेझ कोरडं, मॅट होतं आणि कुकीज एकमेकींवर रचता येतात.

चव दुसऱ्या दिवशी जास्त खुलते. ग्लेझमधला वास आत उतरतो, आतला मऊपणा सगळीकडे सारखा होतो. आजी त्या दिवशीच्या कुकीज पाहुण्यांना देतच नाहीत. हवाबंद डब्यात आठवडाभर उत्तम राहतात. पण या डब्यात दुसरं काही ठेवू नका. बदामाची बिस्कॉटी ठेवलीत तर तिलाही अनीसचाच वास लागेल.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या तेव्हा प्रश्न आला अंड्याचा. त्या अंडं खात नाहीत. या कुकीजमधून अंडी काढून दही किंवा केळं घालण्याच्या भानगडीत मी पडले नाही. तीन अंड्यांवर उभी असलेली गोष्ट तिच्या जागी चांगली आहे. इटलीतच दुसरी चीज आहे: रोमच्या आसपासच्या लाझिओ प्रांतातली चांबेलिने अल विनो. बांगडीसारख्या छोट्या कड्यांची कुरकुरीत बिस्किटं, त्यात ना अंडं, ना लोणी, ना दूध. माप लक्षात ठेवायला सोपं: एक पेला वाइन, एक पेला ऑलिव्ह तेल, एक पेला साखर, मूठभर अनीसचे दाणे आणि मैदा पुन्हा ‘मावेल तेवढा’. वाइनच्या जागी मी काळ्या द्राक्षांचा रस घातला आणि साखर पेल्याऐवजी पाऊण पेलाच घेतली. पीठ शंकरपाळ्यांपेक्षा सैल, पण चिकट नाही. वळ्या करून कडी जोडायची, वरची बाजू साखरेत दाबायची आणि 180 सेल्सियसला वीस ते पंचवीस मिनिटं, इथे मात्र चांगली बदामी होईपर्यंत. जास्त वेळ भाजायची असल्याने अर्काऐवजी दाणेच हवेत. दाण्याच्या सालीआड वास टिकतो. सासूबाईंनी चहाबरोबर खाल्ली, आणि जाताना डब्यात भरून मागून घेतली.

पुण्या-मुंबईत कुणाला करून पाहायच्या असतील तर अनीसचे दाणे मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. नाहीच मिळाले तर बारीक, हिरवी लखनवी बडीशेप घ्या, जाड बडीशेप नको. बडीशेपेत अ‍ॅनेथोलबरोबर फेंचोन नावाचं थोडं कडवट, कापरासारखं द्रव्यही असतं. जाड दाण्यात ते जास्त जाणवतं. अर्काला पर्याय म्हणून चक्रफुलाची ताजी पूड पाव छोटा चमचा लोण्यात फेसताना घाला, त्याहून जास्त नको, नाहीतर कुकीला मसालेभाताची आठवण येईल. ग्लेझसाठी दूध थोडं जास्त घेऊन त्यात चमचाभर ठेचलेली लखनवी बडीशेप घाला, मंद गरम करा, झाकून तासभर ठेवा आणि गाळून घ्या. सायीसकट दूध घ्यायचं, कारण वास सायीत उतरतो. आपला मैदा इथल्यापेक्षा बारीक असतो, म्हणून 360 ग्रॅम एकदम ओतू नका. 330वर थांबून बोट लावून बघा, टोक वाकतंय का. आणि मुंबईच्या हवेत पीठ अर्धा तास नाही, चांगलं तासभर फ्रिजमध्ये ठेवा.